नवं मांजर घरी आणलंय? या चुका टाळा

मांजर घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांनी जे फोन येतात, त्यांचा सूर एकच असतो. "अहो, एवढं हौसेने आणलं, पण ते पलंगाखाली जाऊन बसलंय. बाहेरच येत नाही." मी विचारते, आल्या दिवशी काय काय केलंत? अंघोळ घातली, सगळं घर फिरवून दाखवलं, वरच्या काकू बघून गेल्या, मुलांनी मांडीवर घेऊन फोटो काढले. कौतुकात काही कमी पडलेलं नसतं, आणि घोटाळा तिथेच असतो. मांजर घर ओळखतं ते नाकाने. जिथे स्वतःचा वास नाही ती जागा त्याच्या लेखी दुसऱ्याची, आणि दुसऱ्याच्या हद्दीत शहाणं मांजर लपूनच बसतं.

पलंगाखालून बाहेरच येत नाही

घर कितीही मोठं असो, सुरुवातीला एकच खोली द्या. खाणं, पाणी, लिटर बॉक्स (शी-शूसाठी मातीसारखे दाणे, म्हणजे लिटर, भरलेला ट्रे) आणि लपायला आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, सगळं तिथेच. ज्या पिशवीतून किंवा टोपलीतून आणलं ती तशीच उघडी राहू द्या. आतलं फडकं धुवायला टाकू नका, कारण नव्या घरात ओळखीचा वास असलेली तेवढी एकच वस्तू त्याच्याजवळ असते. हळूहळू ते खुर्चीच्या पायाला, दाराच्या कडेला गाल घासू लागतं. गालांत गंधग्रंथी असतात. पुणेकर दाराबाहेर पाटी लावतो, तसं मांजर गाल घासून ठेवतं. हे दिसलं की दार किलकिलं करायला हरकत नाही.

तोवर हात घालून ओढून काढू नका. जमिनीवर बसा, पेपर वाचा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. ते येईल, तुमचा हात हुंगेल आणि परत जाईल. जाऊ द्या. पिल्लू चार-आठ दिवसांत रुळतं. रस्त्यावर मोठा झालेला बोका महिना-दोन महिने घेतो, आणि रुळल्यावरही मांडीवर येईलच असं नाही. मांडीवर बसणारंच मांजर हवं असेल तर असा बोका आणू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

लपण्याची काळजी नको, पण न खाण्याची करा. बरीच मांजरं सगळे झोपल्यावर खातात, त्यामुळे सकाळी ताटली बघा. पूर्ण दिवस उलटूनही काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. पिल्लाच्या बाबतीत तर दिवसभरसुद्धा थांबू नका.

अंघोळ नकोच. ते स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. पिसवा दिसल्या तर बारीक दातांची फणी फिरवा आणि औषध डॉक्टरांना विचारूनच लावा. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या थेंबांमध्ये अनेकदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

लिटर बॉक्स सोडून सगळीकडे करतंय

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लिटर बॉक्स हमखास ड्राय बाल्कनीत जातो. घाण नजरेआड, झालं काम. पण तिथेच वॉशिंग मशीन असतं. मांजर नेमकं माती उकरून बसलेलं असताना मशीन स्पिनला लागतं आणि अख्खी बाल्कनी थरथरते. एकदा असं घाबरलं की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. मग बाथरूमचं पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग, सोफ्याचा कोपरा. आपण म्हणतो, मांजर घाणेरडं आहे. त्याला फक्त शांत आणि निसटायला वाट असलेली जागा हवी असते. बॉक्स खाण्यापासून लांब ठेवा. तो एवढा मोठा हवा की त्याला आत वळता येईल. दोन मांजरं असतील तर तीन बॉक्स ठेवा.

रस्त्यावरच्या मांजराला बाजारातलं सुवासिक लिटर म्हणजे काय हेच कळत नाही. त्यात कुंडीतली दोन मुठी कोरडी माती मिसळा, आणि पुढच्या आठवड्यांत ती कमी करत न्या.

दुसरा गुन्हेगार फिनेल. मांजराने शू केली की बाटली काढायची, ही आपली सवय. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. वर त्या उग्र वासाने त्याने लावलेल्या खुणा पुसल्या जातात आणि ते आणखी बिथरतं. बॉक्स साबणाच्या पाण्याने धुवा. गादीवर, सोफ्यावर केलं असेल तर एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा. नाहीतर आपल्याला न येणारा वास त्याला येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

एक मात्र सवयीवर ढकलू नका. बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा.

दूध-पोळी

मांजर म्हटलं की दुधाची वाटी पुढे येते. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. आधीच भेदरलेल्या पिल्लाला ते झेपत नाहीत. दहीभात, दूध-पोळी यांवर पोट भरलं तरी टॉरिन मिळत नाही. हे द्रव्य मांसातून येतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. ज्या घरात अंडंही शिजत नाही त्यांनी मांजरांसाठीचं पाकिटातलं खाणं आणावं. कुत्र्याचं चालत नाही. उकडलेलं चिकन द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण न घालता, तेही फक्त अधूनमधून, कारण नुसतं चिकन हा पूर्ण आहार नाही.

घरात आधीच एक असेल तर

दोघांना समोरासमोर सोडून "बघू, होतील दोस्त" म्हणू नका. नव्या मांजराची तपासणी आणि लस होईपर्यंत, निदान दोन आठवडे, वेगळी खोली द्या. रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग बराच आढळतो आणि त्याचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. या काळात एकाचं फडकं दुसऱ्याकडे न्या, मग बंद दाराच्या दोन बाजूंना ताटल्या ठेवा. फिस्कारणं थांबलं की दार थोडं उघडा.

पुण्याच्या हवेत आणखी काही

गणपतीच्या आधी दोनेक महिने नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. अशा जागेजवळ राहत असाल तर मांजर जरा आधी किंवा नंतर आणा. विसर्जन आणि दिवाळीच्या दिवसांत तर नकोच.

खिडकीची डासांची जाळी मांजराला अडवत नाही, ती नखाने फाटते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळीही काही मांजरं कुरतडतात. कबुतर दिसलं की मांजराला खाली किती मजले आहेत याचं भान राहत नाही. कडेला तार पक्की ओवलेली मजबूत जाळी लावा.

डांबरगोळ्या, लिलीची फुलं, पॅरासिटामॉल ही तिन्ही मांजरासाठी विषं आहेत. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पाव गोळीसुद्धा देऊ नका. भेट आलेल्या गुच्छातली लिली घराबाहेरच ठेवा, तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी किडन्या निकामी होऊ शकतात.

चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. हळद लावून बसू नका.

पार्किंगमध्ये एकटं पिल्लू दिसलं म्हणून लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात ते उगाच नाही. ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवत असते, आणि तुम्ही बघता ते मधलं असू शकतं. जखमी किंवा गारठलेलं नसेल तर लांब उभं राहून काही तास वाट बघा.

आणि नसबंदीचं ऑपरेशन. "एकदा पिल्लं होऊ द्या, मग करू" हे ऐकू नका. मादी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि साधारण 63 ते 65 दिवसांत विते. लशीसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हाच तारीख ठरवून टाका.