पीटी सममितीत या चुका टाळा

पीटी सममिती म्हणजे आरशातली उलट (पी) आणि काळाची उलट (टी) एकत्र केली तरी रचना तशीच राहणं. दोन वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा, शेजारीशेजारी. एकात गेन (प्रकाश वाढतो), दुसऱ्यात तेवढाच लॉस (प्रकाश घटतो), त्याचं प्रमाण गॅमा; मध्ये थोडं कपलिंग, म्हणजे प्रकाशाची देवाणघेवाण, तिचं प्रमाण कप्पा. मॅट्रिक्स दोन बाय दोनचं: कर्णावर अधिक आय गॅमा आणि वजा आय गॅमा (आय म्हणजे वजा एकाचं वर्गमूळ), उरलेल्या दोन जागी कप्पा. आयगनव्हॅल्यू कागदावर दोन ओळींत निघतात: कप्पाचा वर्ग वजा गॅमाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, अधिक आणि वजा. गॅमा कप्पापेक्षा लहान आहे तोवर त्या वास्तव असतात, त्याच्यापुढे काल्पनिक जोडी होते, यालाच सममिती तुटणं म्हणतात.

हे हाताने न करता थेट कोड चालवणं, ही मला सर्वांत जास्त खुपणारी चूक.

एक विद्यार्थिनी ग्राफ घेऊन आली. गॅमा कप्पाच्या तिप्पट नेला होता, तरी दोन्ही रेषा शेवटपर्यंत आडव्याच. "सर, माझी सममिती तुटतच नाही." तीन आठवडे ती कपलिंगचं मॉडेल बदलून बघत होती. मी म्हटलं, गॅमा शून्य ठेवून आकडे दाखव, मग तिप्पट ठेवून दाखव. दोन्ही वेळा अधिक-वजा कप्पा, शेवटच्या अंकापर्यंत तेच. म्हणजे गॅमा हिशेबात शिरलाच नव्हता. कोड उघडला तर पायथनच्या नमपाय लायब्ररीचं 'आयग-एच' वापरलेलं. शेवटचा 'एच' हर्मिशियनचा, म्हणजे ओळी-स्तंभ उलटवून आयचा वजा आय केला तरी तसाच राहणाऱ्या मॅट्रिक्सचा. हे फंक्शन मॅट्रिक्सचा खालचा त्रिकोण तेवढा वाचतं आणि कर्णावरचा काल्पनिक भाग शून्य धरतं. आपला गेन-लॉस नेमका तिथेच बसलेला असतो. एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही. कोड कुणाच्या तरी जुन्या क्वांटमच्या असाइनमेंटमधून उचलला होता. तिथे हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा ऑपरेटर) हर्मिशियन होता, म्हणून तिथे तो बरोबरच होता. इथे साधं 'आयग' लागतं.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी पेन्सिलीने वक्र काढायला लावतो आणि कोडकडून तीन बिंदू मागतो. गॅमा शून्य असताना कप्पा. गॅमा कप्पाच्या निम्मा असताना ०.८६६ कप्पा. गॅमा कप्पाच्या दुप्पट असताना १.७३२ कप्पा, पण काल्पनिक. तिन्ही जुळल्याशिवाय पुढचा ग्राफ मी बघत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, त्यात तीन आठवडे वाचतात.

दुसरी चूक वाक्यातली आहे: "पीटी सममिती आहे, म्हणून आयगनव्हॅल्यू वास्तव." बेंडर आणि बोएटचर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की संवेगाचा वर्ग अधिक आय गुणिले एक्सचा घन, असा हर्मिशियन नसलेला हॅमिल्टोनियनही संपूर्ण वास्तव स्पेक्ट्रम (आयगनव्हॅल्यूंचा संच) देतो. पण त्यांच्याच कुटुंबातल्या हॅमिल्टोनियनांचा घातांक दोनाच्या खाली नेला की सममिती तशीच राहते आणि स्पेक्ट्रममध्ये संमिश्र जोड्या येतात. कारण टी हा ऑपरेटर अँटिलिनियर आहे, तो आयचा वजा आय करतो. त्यामुळे हॅमिल्टोनियन पीटीशी कम्यूट झाला (क्रम बदलला तरी उत्तर तेच आलं) तरी प्रत्येक आयगनस्टेट पीटीचीही आयगनस्टेट असेलच असं नाही. ती असेल तोवरच वास्तव. "न तुटलेल्या अवस्थेत" हे शब्द वाक्यात लिहाच, गाळू नका.

आयगनव्हॅल्यू वास्तव आहे का हे तपासताना काल्पनिक भागाला दहाचा वजा बारावा घात अशी मर्यादा लावू नका. एक्सेप्शनल पॉइंटपाशी, म्हणजे गॅमा आणि कप्पा सारखे होतात तिथे, त्रुटीचं वर्गमूळ होतं: सोळाव्या दशांशातली गोलाई आठव्या दशांशात येऊन बसते. तिथे आयगनव्हेक्टरही दोनाचा एकच होतो, (१, वजा आय). त्याचा स्वतःशी कॉंज्युगेट न घेता गुणाकार केलात तर शून्य येतं, म्हणून त्या जागी नॉर्मलायझेशन फुटतं. थोडं अलीकडे थांबा आणि डावे-उजवे व्हेक्टर वेगळे काढा.

एकूण पॉवर हलतेय म्हणून स्टेप साइझ बारीक करत बसू नका. मोड एकमेकांना लंब नाहीत, ती हलणारच.

गेनची चिन्हं उलटी पडतात ती वेळेच्या घातांकाचं चिन्ह वहीच्या पहिल्या पानावर न लिहिल्यामुळे.

गेन नाही म्हणून प्रयोग सोडू नका. २००९ च्या प्रयोगात एका वेव्हगाइडवर क्रोमियमची पट्टी देऊन फक्त लॉस वाढवला होता. ठरावीक मर्यादेनंतर लॉस वाढवला तसा बाहेर येणारा प्रकाश वाढत गेला. हे मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी मला ते तितकंच सुंदर वाटतं. खरा गेन घातलेला प्रयोग २०१० मध्ये झाला, लोह मिसळलेल्या लिथियम नायोबेटमध्ये.

आणि कृपा करून रेषीय पीटी रचनेला 'ऑप्टिकल डायोड' म्हणू नका. एका बाजूने परावर्तन शून्य आणि दुसऱ्या बाजूने भरपूर, हे होतं. पण आरपार जाणारा प्रकाश दोन्हीकडून सारखाच असतो. एकमार्गी वहन हवं असेल तर नॉनलिनियर परिणाम, चुंबकीय क्षेत्र किंवा काळानुसार केलेलं मॉड्युलेशन, यांपैकी काहीतरी आणावंच लागतं.