मॅडम, व्हीएममध्ये नेट येत नाहीये!

प्रॅक्टिकल सुरू होऊन पाच मिनिटं झाली की आमच्या लॅबमध्ये ही हाक येतेच. तोवर पोरांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या (संगणकाच्या आत व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमधलं दिसेल ते दाबून झालेलं असतं. मी आधी माउस सोडायला लावते आणि विचारते, आयपी पत्ता काय मिळालाय?

व्हीएममधल्या उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'आयपी ए' द्या. १२७.०.०.१ सोडून द्या, ते मशीन स्वतःशीच बोलतंय. त्याखालचं 'ईएनपी०एस३' बघा, ते व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचं, म्हणजे अडॅप्टरचं, नाव. अडॅप्टर नॅटवर असेल (म्हणजे व्हीएम होस्टच्या, म्हणजे खऱ्या संगणकाच्या, आडून नेट वापरत असेल) तर तिथे बहुधा १०.०.२.१५ असतं. शेजारच्याकडेही हाच आकडा दिसला तर दचकू नका. नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमचं घर वेगळं, दारावरची पाटी तेवढी सारखी.

पत्ताच नसेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड'वर टिक आहे का पाहा. नसलेली केबलही निघते, काय करणार! व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून आणलेली इमेज (तयार व्हीएम) असेल तर नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये बऱ्याचदा 'ईएनएस३३' लिहिलेलं असतं. ते बदलून 'आयपी ए'त दिसलेलं नाव लिहा आणि 'सुडो नेटप्लॅन अप्लाय' द्या.

पत्ता आहे पण नेट नाही? आधी १०.०.२.२ ला (नॅटच्या बाहेर पडायच्या दाराला) पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला), मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, म्हणजे घोळ नावावरून आकडा शोधणाऱ्या डीएनएसचा. होस्टवर व्हीपीएन चालू-बंद केलं की हे हमखास होतं. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आमच्याकडे फायरवॉल बाहेरचं पिंग अडवते, म्हणून मी 'कर्ल'ने वेबपान मागवूनही खात्री करते.

ब्रिज्डमध्ये (व्हीएम थेट लॅबच्या नेटवर्कवर) मात्र एकदा माझी अख्खी दुपार गेली. एका उबुंटू सर्व्हरचे वीस क्लोन (हुबेहूब प्रती) केले, प्रत्येकाला नवा मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) दिला, तरी दोघांना एकच आयपी! एकीने एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की ती दुसऱ्याच्याच मशीनमध्ये. मी स्विचला शिव्या घालत बसले. खोट निघाली मशीनची ओळख ठेवणाऱ्या 'मशीन-आयडी' फाइलीत. तिथला नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) मॅक न सांगता त्या फाइलवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोनमध्ये फाइल तीच. आता क्लोन करण्याआधी मूळ मशीनवर 'सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी' देऊन ती फाइल रिकामी करते आणि लगेच मशीन बंद करते. क्लोन आधीच केले असतील तर प्रत्येकावर हेच करून रीबूट करा.

हॉस्टेलच्या वायफायवर ब्रिज्डच्या नादी लागू नका. पुष्कळ वायफाय कार्डं आणि राउटर दुसरा मॅक चालवून घेत नाहीत. नॅटच ठेवा. होस्टवरून एसएसएच हवं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (होस्टच्या एका पोर्टवर आलेलं व्हीएमकडे पाठवणारी सेटिंग) होस्टचा २२२२, गेस्टचा (व्हीएमचा) २२ भरा आणि लोकलहोस्टच्या २२२२ वर जोडा. १०.०.२.१५ वर थेट जोडायला गेलात तर नुसता कर्सर लुकलुकत बसेल.