तकवा आला, तरतरी आली की जिवात जीव आला? या चुका टाळा

तापातून उठलेल्या माणसाला घरातलं मोठं माणूस विचारायचं, ‘आता जरा हुशारी वाटतेय का?’ आजच्या नातवाला हा प्रश्न परीक्षेच्या निकालाबद्दलचा वाटतो. फारसीतून आलेल्या ‘हुशार’चा जुना अर्थ शुद्धीवर असलेला, सावध. ग्लानी गेली, डोळे उघडे राहू लागले, की हुशारी आली. पुढे वर्गातल्या पहिल्या नंबराने हा शब्द जवळजवळ एकट्याच्या नावावर करून घेतला, आणि मराठीतला एक नेमका शब्द आपल्या हातून निसटत चालला आहे.

गेलेली ताकद परत आली हे सांगायला मराठीत शब्द भरपूर आहेत. घोळ होतो तो ‘गेलं काय होतं’ हे न बघता शब्द उचलल्यामुळे. झोप गेली होती, अंगातलं बळ गेलं होतं, धीर गेला होता की उमेद? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

अंगातलं बळ गेलं असेल तर ‘तकवा’. दिवसभराच्या उपासानंतर दोन घास पोटात गेले की तकवा येतो. डेंग्यूतून उठलेल्या माणसाचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात, तरी जिना चढताना पाय लटपटतात. तो बरा झालाय, तकवा अजून आलेला नाही. ‘ठणठणीत’ आणि ‘खडखडीत बरा’ हे आजार गेल्याचे शब्द आहेत, ताकद आल्याचे नव्हेत.

मरगळ किंवा झोपेची गुंगी गेली असेल तर ‘तरतरी’. आल्याच्या चहाने येते ती हीच. इथे नाम आणि विशेषण यांची गल्लत होते:

चूक: चहा घेतल्यावर तरतरीत आली.
बरोबर: चहा घेतल्यावर तरतरी आली. / तरतरीत वाटलं.

शिवाय ‘तरतरीत मुलगा’ म्हणजे झोप काढून उठलेला मुलगा नव्हे. तो मुळातच चलाख, चुणचुणीत. आणि ‘तरतरीत नाक’ हे तर निव्वळ रूपाचं वर्णन, नाकाने विश्रांती घेतलेली नसते.

‘टवटवीत’ हा बघणाऱ्याचा शब्द आहे. फूल, पालेभाजी, सुट्टीवरून परतलेल्या मैत्रिणीचा चेहरा. ‘किती टवटवीत दिसतेस!’ हे कानाला गोड लागतं, पण स्वतःच ‘मी आज टवटवीत आहे’ म्हणणं जरा आरशासमोर उभं राहून बोलल्यासारखं होतं.

धीर गेला होता? मग ‘जिवात जीव आला’. मूल गर्दीत हरवलं, सापडलं, तेव्हा जिवात जीव येतो. आठ तास झोपून उठल्यावर जिवात जीव आला असं लिहिलंत, तर वाचक विचारेल, रात्री झालं काय होतं? कडक उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पिऊन कुणी तसं म्हणतं ते चालतं, पण त्यात थोडी अतिशयोक्ती असते आणि तीच त्यातली मजा. उमेद खचली असेल तर ‘उभारी’. उभारी धरायला वेळ लागतो, ती चहाने येत नाही.

व्याकरणातली सगळ्यात मोठी चूक ‘वाटणे’ या क्रियापदापाशी होते.

चूक: मला खूप ताजातवाना वाटतोय.
बरोबर: मला खूप ताजंतवानं वाटतंय. / मी ताजातवाना झालो.

बोलणारी बाई असेल तर ‘मी ताजीतवानी झाले’, पण वाटताना मात्र पुन्हा ‘ताजंतवानं’च. ‘मला ताजीतवानी वाटते’ म्हटलं तर ऐकणारा थांबून विचारतो, कोण? ती दुसरीच कुणीतरी बाई होते. ‘तवाना’ हाही फारसीच, पण स्वतंत्र विशेषण, अर्थ सशक्त. म्हणून दोन्ही तुकडे बरोबरीने बदलतात, एक बदलून दुसरा तसाच ठेवता येत नाही.

आता ‘दम’. मराठी नव्याने शिकणाऱ्यांची इथे हमखास विकेट पडते. दम लागला म्हणजे धाप लागली. दम खाल्ला किंवा घेतला म्हणजे थोडं थांबलो. दम धरला म्हणजे धीर धरला. दम दिला म्हणजे धमकावलं. दमलो म्हणजे थकलो. आणि इतकं सगळं झाल्यावर आपण ‘नव्या दमाने’ कामाला लागतो! ताकद परत आल्याचा अर्थ हवा असेल तर हीच रचना वापरा. ‘मला दम आला’ म्हणू नका, ऐकणारा पाण्याचा पेला आणायला धावेल.

हिंदी जाहिरातींनी ‘स्फूर्ती’ आणि ‘ताजगी’ आणून ठेवल्या. हिंदीत स्फूर्ती म्हणजे अंगातली चपळाई, मराठीत ती मुख्यतः कवितेची किंवा मोठ्या कामाची. बिस्कीट खाऊन स्फूर्ती आली असेल तर निदान एक ओवी तरी लिहून दाखवावी. ‘ताजगी’ऐवजी आपला ‘ताजेपणा’ आहेच. ‘मी पुनरुज्जीवित झालो’ हेही नको, पुनरुज्जीवन नद्यांचं आणि बंद पडलेल्या योजनांचं होतं.

‘फ्रेश’ला माझी हरकत नाही. फक्त ‘फ्रेश वाटतंय’ आणि ‘फ्रेश होऊन येतो’ यांतलं अंतर लक्षात असू द्या. दुसऱ्या वाक्यातला माणूस बाथरूममध्ये जातो.

आणि मोबाइलवर टाइप करताना पाठवण्याआधी एक अक्षर तपासा. आजारी काकूंना ‘आता थकवा आला ना?’ असा निरोप गेला, तर त्या बिचाऱ्या ‘हो गं, फार’ असंच उत्तर देतील.