प्राण्यांमध्ये काम करायचे ठरवण्यापूर्वी

बारावीचे निकाल लागले की आमच्या दादरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात कुत्रा-मांजर सोबत नसलेली कुटुंबे येऊ लागतात. मुलगी सांगते की तिला प्राण्यांचे फार वेड आहे आणि त्यांच्यातच आयुष्य काढायचे आहे. आईवडिलांना मात्र यातून पोट कसे भरणार, याची काळजी असते. दोघांनाही मी एकच विनंती करतो. कोणत्याही अभ्यासक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी तीन महिने हे काम प्रत्यक्ष पाहावे, आणि शक्य असल्यास सुरुवात पावसाळ्यात करावी.

पावसाळाच का, तर मुंबईत या कामाची सर्वांत अवघड बाजू तेव्हा दिसते. पिंजरे वाळत नाहीत, गोचिडांचा उपद्रव वाढतो, लसीकरण न झालेली पिल्ले रक्ताचे जुलाब घेऊन येतात. जवळच्या एखाद्या पशुवैद्यकाला किंवा प्राण्यांच्या निवारागृहाला भेटून आठवड्यातले ठरावीक दोन दिवस मागून घ्यावेत आणि ते चुकवू नयेत. सुरुवातीला पिंजरे धुणे, भांडी घासणे, सलाईन संपेपर्यंत पिल्लाचा पाय धरून बसणे अशीच कामे मिळतील, आणि तीच मिळायला हवीत. जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. लस घेतलेली असली तरी प्राणी चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमी जीवघेणाच ठरतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये आणि गमबूट वापरावेत.

या तीन महिन्यांत रोज घरी गेल्यावर वहीत चार ओळी लिहाव्यात. आज कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही? कशाचा कंटाळा आला? चार दिवस झुंजून पार्व्होने (रक्ताच्या जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराने) पिल्लू दगावले, त्या रात्री झोप लागली का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले का? रडू येणे हा दोष नाही. मला स्वतःला अजूनही येते. मात्र रडून झाल्यावर पुढच्या पिंजऱ्याकडे वळता येते की नाही, हे स्वतःचे स्वतःलाच पाहावे लागते. दुसरी एक गोष्ट मुलांच्या लक्षात उशिरा येते. या व्यवसायात निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून गप्प झालेले आजोबा, दयामरणाचा निर्णय घेऊ न शकणारे कुटुंब, सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांवरून भांडणारे शेजारी, या सर्वांशी सौम्यपणे बोलावे लागते. ‘माणसे नकोत म्हणून प्राणी’ असे ज्याला वाटते, त्याने हा मार्ग फार विचारपूर्वक निवडावा.

वहीतून पशुवैद्यक होण्याकडे कल दिसला, तर पुढचा रस्ता स्पष्ट आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय हवेत, आणि प्रवेश नीट परीक्षेतील गुणांवर होतो. पदवीला आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) वर्ष धरून साडेपाच वर्षे लागतात. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही शासकीय महाविद्यालये असून ती सर्व नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

मुंबईच्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुम्हाला फक्त कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर व्हायचे असले, तरी अभ्यासक्रम गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यापासून मांस तपासणीपर्यंत सर्व शिकवतो. कोपराच्या वरपर्यंत हात घालून म्हैस गाभण आहे का ते तपासावे लागते, अडलेले रेडकू बाहेर काढावे लागते, व्याल्यानंतर वार (गर्भाचे वेष्टन) पडली नाही तर रात्री उठून गोठ्यात जावे लागते. ज्यांनी आयुष्यात कधी गोठा पाहिलेला नाही, त्यांनी प्रवेशापूर्वी एखाद्या सकाळी परवानगी घेऊन गोरेगावच्या आरे वसाहतीतील तबेल्यात धारेच्या वेळी उभे राहून पाहावे. ‘गुरांचा डॉक्टर’ हे शब्द आपल्याकडे कमीपणाने उच्चारले जातात, याचे मला मनापासून दुःख होते, कारण ज्या घराचे उत्पन्न दोन म्हशींवर अवलंबून आहे, तेथे वेळेवर पोहोचलेला पशुवैद्यक त्या घराचा महिना वाचवतो. शासकीय सेवेत जायचे असल्यास लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकाऱ्याची पदे भरली जातात. मुंबईत स्वतःचा दवाखाना काढण्याची घाई मात्र करू नये. जागेचे भाडे, एक्स-रे आणि सोनोग्राफीची यंत्रे यांचा खर्च मोठा असतो, म्हणून काही वर्षे अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली काढणेच हिताचे ठरते.

वन्यजीवांची ओढ असणाऱ्या मुलांची मला अधिक काळजी वाटते. साप पकडल्याचे व्हिडिओ टाकणे म्हणजे वन्यजीवांसाठी काम करणे, अशी अनेकांची समजूत झाली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन विभागाच्या परवानगीशिवाय वन्य प्राणी पकडणे किंवा जवळ बाळगणे गुन्हा ठरतो. शिवाय नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांपैकी एकाचाही दंश जिवावर बेतू शकतो. खरे काम याहून संथ असते. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा अभ्यास करायचा, तर पाऊलखुणा आणि विष्ठेच्या नोंदी ठेवायच्या, कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांमधील, हजारो छायाचित्रांतून अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखायचा, आणि मग संख्याशास्त्राशी झुंजायचे. प्रत्यक्ष बिबट्या कित्येक आठवडे दिसतही नाही. हे वाचून उत्साह टिकला, तर प्राणिशास्त्राची पदवी घेऊन देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार करावा. तोपर्यंत फोर्टमधील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या निसर्गफेऱ्यांना जावे आणि हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोजायला शिकावे. बिबट्याला भूल देऊन त्याच्यावर उपचार करण्याची इच्छा असेल, तर मात्र पशुवैद्यकाची पदवी टळत नाही.

मत्स्यशास्त्राकडे आपल्या समुद्रकाठच्या शहरातली मुले फारशी पाहत नाहीत. रत्नागिरीला त्याची चार वर्षांची पदवी आहे, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था घराजवळच आहे.

कुत्र्यांचे ग्रूमिंग आणि प्रशिक्षण यांसाठी वैद्यकीय पदवी लागत नाही, आणि मुंबईत या कामांना मागणीही आहे. ही कामे चांगल्या माणसाजवळ उमेदवारी करूनच शिकावीत. प्रशिक्षक निवडताना त्याचे प्रमाणपत्र पाहण्याआधी, तो जवळ आल्यावर त्याचे कुत्रे शेपूट हलवते की पायात घालते, ते पाहावे. मारून शिकवणाऱ्याकडे एक दिवसही थांबू नये.

नीटमध्ये यश मिळाले नाही आणि पुन्हा प्रयत्न करायचा असेल, तर त्या वर्षी अभ्यासाच्या नावाखाली दवाखान्यातले दोन्ही दिवस बंद करू नयेत. निदान एक ठेवावा. शिवाय त्याच वर्षी प्राणिशास्त्राच्या पदवीलाही प्रवेश घेऊन ठेवावा. परीक्षेचा निकाल काहीही लागला, तरी वन्यजीवांचा मार्ग त्या पदवीतून खुला राहतो, आणि वहीतल्या नोंदी पुढच्या वर्षी पुन्हा वाचता येतात.