सोंग घ्या, पण सांगून घ्या: नास्तिक आणि ख्रिस्ती लोकांनी एकमेकांच्या बाजूने बोलायचा खेळ कसा लावायचा

नास्तिक आणि ख्रिस्ती लोकांचा वाद कुठेही बघा, थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच की 'तुम्हाला आमचं म्हणणंच कळलेलं नाहीये'. दोन्हीकडून म्हणतात आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडून बऱ्यापैकी बरोबरच असतं. पण म्हणून काय, म्हणणं कळलंय की नाही हे तपासायची एक पद्धत आहे आणि ती आपल्याकडे कोणी फारशी वापरत नाही, म्हणून हे लिहितोय.

आयडिया ब्रायन कॅप्लन नावाच्या अमेरिकन इकॉनॉमिक्सच्या प्रोफेसरची, २०११ सालची. पॉल क्रुगमन हे दुसरे अमेरिकन अर्थतज्ज्ञ म्हणाले होते की लिबरल माणसाला कॉन्झर्व्हेटिव्हची बाजू नीट मांडता येते, उलटं मात्र जमत नाही. कॅप्लन म्हणाला, मग परीक्षा लावा की! ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५० मध्ये मशीन माणसासारखं बोलू शकतं का हे बघायला जो नकलेचा खेळ सुचवला होता तोच माणसांवर लावायचा, म्हणजे तू समोरच्या पार्टीचा असल्यासारखं लिही आणि त्या पार्टीच्या लोकांना ओळखू येतं का बघू. नाव आयडियॉलॉजिकल ट्युरिंग टेस्ट. त्याच वर्षी लिया लिब्रेस्को हिने, ती तेव्हा नास्तिक होती, हा खेळ नास्तिक विरुद्ध ख्रिस्ती असा लावला. प्रत्येकाने दोन्ही बाजूंच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, एक संच मनापासून, एक सोंगाचा, आणि वाचणाऱ्यांनी खरा कोण ते ओळखायचं. (२०१२ मध्ये लिया स्वतःच कॅथलिक झाली. यावरून कोणाला लगेच आनंद होईल, कोणाला धसका बसेल, पण एका माणसाच्या गोष्टीवरून खेळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, तेव्हा पुढे जाऊ.)

आता आपल्याकडे हे कसं करायचं.

पहिलं म्हणजे माणसं. दोन्हीकडे निदान पाच-सहा जण तरी हवेत, नाहीतर कोण काय लिहितो हे पहिल्या ओळीत कळतं. आणि 'ख्रिस्ती' म्हणून सगळे एकाच खोक्यात टाकू नका राव. वसईचा कॅथलिक, नगरकडचा प्रोटेस्टंट आणि नुकताच एखाद्या प्रार्थनासभेत जायला लागलेला माणूस हे तिघं एकमेकांच्या बाबतीत सुद्धा नापास होतील. त्यामुळे आधीच ठरवा, या वेळी सोंग कुठल्या ख्रिस्त्याचं. नास्तिकांचंही तेच. काहीजण देव नाही असं ठामपणे म्हणतात, काहीजण म्हणतात मला माहीत नाही आणि फरकही पडत नाही. आणि अंनिसचा (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा) प्रत्येक कार्यकर्ता नास्तिक धरून चालू नका, डॉ. दाभोलकर स्वतः नास्तिक होते पण समितीचं म्हणणं कायम हेच राहिलंय की आमचा विरोध अंधश्रद्धेला आहे, देवाधर्माला नाही. हे ज्याला माहीत नाही तो इथेच पकडला जातो.

मग एक पंच हवा. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला, स्वतः न खेळणारा. उत्तरं थेट ग्रुपवर टाकायची नाहीत, पंचाकडे पाठवायची, त्याने नाव काढून एकाच फॉन्टमध्ये नंबर देऊन टाकायची. इमोजी काढा, कारण कोण किती हात जोडतो हे सगळ्यांना पाठ असतं. शुद्धलेखन मात्र पंचाने दुरुस्त करायचं की नाही हे आधी ठरवा, मी म्हणेन करा, कारण एखादा नेहमी 'आणी' लिहितो आणि तेवढ्यावर ओळखला जातो, त्यात त्याच्या समजुतीची परीक्षा काय झाली? शब्द मात्र एकही बदलायचा नाही.

प्रश्न तीन किंवा चार, त्याहून जास्त दिले तर लोक शेवटचं उत्तर उरकतात. उत्तराला दीडशे-दोनशे शब्दांची मर्यादा ठेवा. 'देव आहे का' असला प्रश्न अजिबात नको, त्यावर कोणीही पाठ केलेलं म्हणून दाखवतो. चांगला प्रश्न तो की ज्याचं उत्तर आतल्या माणसाला सोपं आणि बाहेरच्याला अवघड. उदाहरणार्थ ख्रिस्ती संचात: तुमच्याच लोकांचं कुठलं बोलणं तुम्हाला खटकतं? प्रार्थना करूनही झालं नाही तेव्हा तुम्ही स्वतःला काय सांगता? नास्तिक संचात: घरच्यांच्या पूजेला बसता का, बसलात तर का? विरोधकांचा कुठला मुद्दा तुम्हाला खरोखर अडचणीचा वाटतो? हा शेवटचा प्रश्न दोन्ही संचांत टाका, सोंग सगळ्यात जास्त तिथेच उघडं पडतं.

एक नियम माझ्या मते अगदी पक्का हवा: खोटं आयुष्य रचायचं नाही. मत दुसऱ्याचं घ्या, पण 'माझ्या आईला कॅन्सर होता आणि प्रार्थनेनं बरी झाली' किंवा 'भाऊ गेला आणि माझा विश्वास उडाला' असलं काही बनवून लिहायचं नाही. कारण वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी घरी ते खरंच घडलेलं असतं आणि नंतर कळतं की आपण ज्याला धीर दिला तो मार्क मिळवत होता. मग खऱ्या लोकांनी तरी स्वतःची गोष्ट लिहावी का? नाही, त्यांनाही बंदी, नाहीतर ज्याच्या उत्तरात गोष्ट तो खरा एवढाच हिशोब होईल. यात ख्रिस्ती लोकांवर थोडा अन्याय होतो हे मान्य, प्रोटेस्टंट मंडळीत तर साक्ष देणं, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, हाच बोलण्याचा गाभा असतो, पण दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

याच कारणासाठी 'मी पण आधी नास्तिक होतो' किंवा 'मी दहा वर्षं चर्चमध्ये गिटार वाजवायचो' अशी जी खोटी ओळख घेऊन लोक वादात उतरतात ना, ती आणि हा खेळ यांची गल्लत करू नका. बहुरूपी पोलिसाचा ड्रेस घालून दारात येतो तेव्हा त्याला आपण पैसे देतो, आणि तोच ड्रेस घालून हायवेवर गाड्या अडवणाऱ्याला आत टाकतो. खेळात सोंग आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, फक्त कोणाचं ते माहीत नसतं.

आता मजेचा भाग, सोंग वठवायचं कसं आणि पकडायचं कसं. नास्तिक माणूस ख्रिस्ती व्हायला जातो तेव्हा त्याची पहिली चूक म्हणजे भक्ती जास्त होते. प्रत्येक वाक्यात प्रभू, प्रत्येक मुद्द्याला बायबलचं वचन. खरा कॅथलिक असं बोलत नाही हो! तो मिस्सा (चर्चमधली उपासना) लांबली म्हणून कुरकुरतो, फादरचं प्रवचन कंटाळवाणं होतं म्हणतो, उपवासकाळात (तेव्हा मांस वर्ज्य, मासे चालतात) मासे खाऊन 'उपवास' केल्याबद्दल स्वतःच हसतो, आणि तरी रविवारी परत जातो. आणि 'बायबलमध्ये लिहिलंय म्हणून' हे एवढंच कारण तो सहसा देत नाही, कारण कॅथलिकांत बायबलच्या जोडीला चर्चची परंपरा आणि शिकवण असते. दुसरं म्हणजे शब्द. कॅथलिकाच्या तोंडी 'आमचे पाळक' आणि 'माझं तारण झालं' घातलंत की संपलं, ते प्रोटेस्टंट घरातलं बोलणं. कॅथलिक म्हणणार फादर, कन्फेशन, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), पॅरिश (आपल्या भागातलं चर्च). कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या नास्तिकांना वाटतं आपल्याला सगळं येतं, त्यांना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' इंग्लिशमध्ये पाठ असतं खरं, पण प्रार्थना पाठ असणं आणि ती करावीशी वाटणं यातलं अंतर उत्तरात बरोब्बर दिसतं.

चमत्कारावर तर हमखास विकेट जाते. नास्तिकाला वाटतं ख्रिस्ती म्हणजे प्रत्येक चमत्कार मानणारा, म्हणून सोंगात तो सगळ्यावर विश्वास ठेवतो. खरे कॅथलिक बहुतेक वेळा म्हणतात की चर्चच चौकशी केल्याशिवाय चमत्कार म्हणत नाही, संतपद द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारतात वगैरे. हे पटो न पटो, ते असंच बोलतात.

उलट्या बाजूने ख्रिस्ती माणूस नास्तिक झाला की तो एकतर देवावर चिडलेला असतो नाहीतर उदास. 'आयुष्याला काही अर्थच नाही, मेलो की संपलं, मग काहीही केलं तरी चालतं.' अरे, असा नास्तिक मला अजून भेटायचाय. दुसरी खूण म्हणजे तो विज्ञानाबद्दल असं बोलतो की जणू ते त्याचं चर्च आहे. पण आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. इथला नास्तिक बहुतेक करून हिंदू घरातला असतो, त्याचं भांडण आदाम-हव्वेशी किंवा सहा दिवसांच्या सृष्टीशी नाहीच, त्याचं भांडण सत्यनारायणाशी, मुहूर्ताशी, जातीशी, मासिक पाळीत बाजूला बसवण्याशी. वसईचा एखादा हुशार पोरगा नास्तिकाचं सोंग घेतो आणि इंग्लिश व्हिडिओत ऐकलेले मुद्दे मांडतो, उत्क्रांती आणि बिग बँग (जी कल्पना मुळात जॉर्ज लमेत्र नावाच्या बेल्जियन कॅथलिक पाद्र्याने मांडली, पण ते असो), आणि ग्रुपमधले नास्तिक दोन ओळींत म्हणतात, हा बाहेरचा. कारण आपला नास्तिक गणपतीत मोदक खातो, आरतीला टाळ्या वाजवतो, बायकोशी वाद नको म्हणून नारळही फोडतो आणि वर म्हणतो मी काही मानत नाही. हे ज्याला पकडता आलं तो पास.

मतदान कोणी करायचं? ख्रिस्ती उत्तरांवर ख्रिस्ती लोकांचं मत मोजायचं, नास्तिक उत्तरांवर नास्तिकांचं. दुसऱ्या बाजूनेही मत द्यावं पण ते वेगळं लिहून ठेवा, कारण नास्तिकांनी एखाद्या नास्तिकाने घेतलेल्या ख्रिस्ती सोंगाला 'अगदी खरा ख्रिस्ती' म्हटलं तर त्यातून एवढंच कळतं की त्यांच्या डोक्यातला ख्रिस्ती कसा आहे. प्रत्येक मताबरोबर एक ओळ कारण हवंच. आणि निकाल काढताना फक्त सोंगवाल्यांचे आकडे बघू नका, खऱ्यांना किती मिळाले तेही बघा. समजा खऱ्या ख्रिस्त्यांनाच सरासरी दहात सहा मतं 'खरा' म्हणून पडली आणि सोंगवाल्याला पाच, तर तो जवळपास पास आहे. खऱ्यांना नऊ आणि त्याला पाच, तर नापास. खरा माणूस खोटा ठरतो तेव्हा राग येतो त्याला, पण त्याच्या आसपासची चर्चा सगळ्यात भारी होते.

एक सावधगिरी आणि ही गंमत नाही. प्रत्येक उत्तराच्या वर 'खेळातलं उत्तर' असं ठळक लिहा, स्क्रीनशॉट काढला तरी ते त्यात आलं पाहिजे असं. पो नावाच्या माणसाने २००५ मध्ये, तेही ख्रिस्ती लोकांशी उत्क्रांतीवर चाललेल्या वादातच, म्हटलं होतं की हसरा चेहरा टाकला नाही तर विडंबन आणि खरं कडवं मत यातला फरक कोणाला तरी कळणार नाहीच. आपण तर इमोजी काढूनच टाकतोय. आणि आपल्याकडे गोष्ट नुसत्या गैरसमजावर थांबत नाही. २०१२ मध्ये विलेपार्ल्यातल्या वेलंकणी माता चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकत होतं, सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने ते तुंबलेल्या ड्रेनेजचं पाणी केशाकर्षणाने वर चढतंय असं दाखवलं, चर्चवरही टीका केली, मग धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या कलम २९५अ खाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ नंबरने आहे. म्हणून हा प्रसंग प्रश्न म्हणून घ्यायला उत्तम असला तरी पहिल्याच वेळी घेऊ नका, माणसं एकमेकांना सरावली की घ्या.

नावं उघड करताना पंचाने आधी प्रत्येकाला विचारावं, नाव सांगू का. काही ख्रिस्ती पोरांना आपण नास्तिकाचं सोंग इतकं छान वठवलं हे घरी कळायला नको असतं, आणि काही नास्तिकांचंही उलट तेच असतं. ज्यांची तयारी असेल त्यांची सांगा, बाकीच्यांचे नुसते नंबर. मग पकडलेल्यांनी 'कशावरून ओळखलंत' एवढंच विचारायचं, समर्थन द्यायचं नाही. ती कारणं पंचाने एका जागी लिहून ठेवावीत आणि पुढच्या वेळचे प्रश्न त्यातूनच काढावेत, म्हणजे मोदकवाला नास्तिक आणि मासे खाणारा कॅथलिक दोघंही सगळ्यांना माहीत झाल्यावर नवीन काहीतरी शोधावं लागेल.