थकव्यासाठी सायटोकाइन पॅनल केलंय? रिपोर्ट असा वाचा

सहा महिने झाले थकवा हटत नाही, झोपून उठलं तरी ताजंतवानं वाटत नाही आणि जरा जास्त काम झालं की एक-दोन दिवस पार आडवं व्हायला होतं, असं असलं की एमई-सीएफएस म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराचा विषय निघतो आणि मग कोणीतरी सायटोकाइन पॅनल, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांची रक्ततपासणी, करायला सुचवतं. माझं मत विचाराल तर निदानासाठी यात पैसे घालू नका. पण केलंच असेल तर आधी आकडे नाही, सॅम्पल बघा.

सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) की प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव), ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन बाहेर पडतं, म्हणजे सीरममध्ये तो आकडा तसाही फुगतो. ट्यूब लॅबमध्ये उशिरा पोचली तरी गडबड. त्या आठवड्यात सर्दी-ताप होता का, लस घेतली होती का, आदल्या दिवशी दमछाक झाली होती का हेही आठवा, कारण आयएल-६ हे सायटोकाइन एवढ्यानेही वर जातं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना तर करूच नका, किट वेगळं असतं.

आता रिसर्च. २०१५ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीमला आजार सुरू होऊन तीन वर्षं न झालेल्यांमध्ये बरेच सायटोकाइन वाढलेले दिसले, जुन्या पेशंटमध्ये तसं दिसलं नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी १९२ पेशंट आणि ३९२ निरोगी लोकांचे ५१ सायटोकाइन मोजले, त्यात सरासरीत फरक फक्त दोघांत, टीजीएफ-बीटा जास्त आणि रेझिस्टिन कमी. हां, १७ सायटोकाइन आजाराच्या तीव्रतेबरोबर चढत गेले, ते इंटरेस्टिंग आहे, पण ही सगळी गटाची गोष्ट झाली, तुमच्या एका आकड्यावरून आजार आहे की नाही ते ठरत नाही. आयएल-६ चं काम रोखणारं, कोविडमध्ये गाजलेलं टोसिलिझुमॅब हे औषध असल्या रिपोर्टवर कोणी सुचवलं तर सरळ दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

त्यापेक्षा सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या), टीएसएच (थायरॉइड), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, शुगर, किडनी-लिव्हर एवढं करा. शाकाहारी घरात बी-१२ आणि आपल्याकडे टीबी विसरायचं नाही. सीआरपी चांगलंच वाढलेलं असेल तर डॉक्टरांना दुसरं कारण शोधायला लावा.

आणि एक वही ठेवा: काय काम केलं, त्रास किती तासांनी सुरू झाला, किती टिकला. निदानाला डॉक्टरांना हीच माहिती लागते, आणि झेपेल तेवढंच काम कसं आखायचं तेही त्यातूनच कळतं. व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने या आजारासाठी २०२१ मध्येच काढून टाकलाय, तेव्हा कोणी रोज थोडं थोडं वाढवा म्हणालं तर आधी ती वही दाखवा.