थँक्सगिव्हिंगचं जेवण घरी करताय? या चुका टाळा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, अख्खा टर्की पक्षी भाजून जेवायचा सण. सकाळी दहाचा सुमार, आणि माझा फोन वाजतो. पलीकडे मंडळातलं कोणीतरी, नाहीतर नुकतंच न्यू जर्सीत घर मांडलेलं एखादं जोडपं. "काकू, टर्की अजून दगड आहे हो!"

मी विचारते, फ्रीझरमधून कधी काढलीत? "काल रात्री."

चकलीची भाजणी कोणी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दळायला टाकत नाही. मग हा सोळा पाउंडांचा बर्फाचा गोळा एका रात्रीत वितळेल असं वाटतंच कसं? हिशेब साधा आहे: फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पाउंडांना एक अख्खा दिवस. १६ पाउंडांची टर्की असेल तर चार दिवस, म्हणजे ती रविवारी फ्रिजमध्ये यायला हवी. मी शनिवारीच ठेवते. बर्फ सुटलेली टर्की फ्रिजमध्ये एक-दोन दिवस सहज राहते. खाली खोलगट ट्रे, आणि जागा सगळ्यात खालच्या फळीवर. नाहीतर तिचं पाणी कोथिंबिरीवर गळतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमचं पहिलं थँक्सगिव्हिंग, नऊ पाहुणे दुपारी तीनला येणार. सेलमध्ये मातीमोल भावाने मिळाली म्हणून १४ पाउंडांची टर्की मंगळवारी संध्याकाळी आणली. गुरुवारी सकाळी पोटात हात घातला तर बोटांपलीकडे आत जाईना. नवऱ्याने डोकं चालवलं आणि ती बाथटबमध्ये गरम पाण्यात सोडली. दीड तासाने पाहतो तर वरची कातडी उकडल्यासारखी पांढरीफटक, आत बर्फ तसाच. कोमट मांसात जंतू किती वेगाने वाढतात हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, पण त्या वासाने निर्णय घेऊन टाकला. टर्की कचऱ्यात गेली आणि पाहुण्यांना खिचडी-कढी वाढली. त्यांतले अमेरिकन शेजारी दोनदा मागून जेवले. ते सौजन्य होतं हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

बुधवारी जाग आली असेल तर थंड पाण्याचा उपाय आहे. टर्की पिशवीसकट पूर्ण बुडवायची, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं, पाउंडामागे अर्धा तास धरायचा. १६ पाउंडांना आठ तास, आणि नंतर लगेच भाजायची. गुरुवारीच जाग आली असेल तर गपचूप आहे तशी ३२५ अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये टाका. दीडपट वेळ लागेल, पण शिजते. पोटातली कलेजी-मानेची पिशवी मधेच, ती सैल झाली की, चिमट्याने ओढून काढा. जेवायला रात्र होईल, होऊ दे. फक्त बर्फाळ टर्की तळायला घेऊ नका. बर्फाची एकदम वाफ होते, तेल उसळून भांड्याबाहेर येतं आणि आग लागते. टर्की तळायच्या पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत हे दिसत नाही.

आता गुरुवारच्या दुसऱ्या घोळाबद्दल. हा सण कायम गुरुवारीच येतो. १९४१ च्या कायद्याने वारच ठरवून टाकलाय. आणि आपल्या निम्म्या घरांत गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा नाहीतर स्वामींचा. २०२५ मध्ये तर २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले. आमंत्रण देतानाच विचारा. आमच्याकडे गुरुवार पाळणारे जास्त असले की टर्की सरळ शनिवारी होते. सुट्टी असतेच, कोणाचं काही बिघडत नाही.

शाकाहारी पाहुण्यांना "साइड डिशेस आहेत की" असं म्हणणाऱ्या यजमानांवर माझा विशेष राग आहे, कारण मीही तेच म्हटलं होतं. एका वर्षी मैत्रिणीच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, माळकरी. रताळ्याचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा पदार्थ, त्यांना फार आवडला, वर मार्शमेलो या मऊ गोड वड्यांचा सोनेरी थर होता. टेबलावरच्या एका हुशार मुलाने पाकीट उलटं करून मोठ्याने वाचलं: जिलेटिन. त्या काही बोलल्या नाहीत. चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या. मला आजही ते कॅसरोल करवत नाही.

जिलेटिन हाडा-कातड्यापासून करतात. आणि ते एकटं नाही. स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, बहुधा चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं उकळलेल्या पाण्यात, भिजवलेलं असतं. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची. 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्याच्या तयार पारीत कधीकधी डुकराची चरबी असते. म्हणून पाहुणे जाईपर्यंत मी एकही वेष्टन फेकत नाही, सगळी एका पिशवीत ठेवते. शाकाहारी टेबल वेगळं, डाव वेगळे, आणि त्यावर पोटभरीचं काहीतरी: आमच्याकडे मसालेभात आणि मठ्ठा. दरवर्षी मांसाहारी मंडळीच तो आधी संपवतात, तेव्हा अंदाजापेक्षा जास्त करा.

बाकीचं भराभर सांगते.

ओव्हन म्हणजे आपल्याकडे कढया-तव्यांचं गोदाम. प्रीहीट लावण्याआधी आत बघा.

टर्की नळाखाली धुऊ नका. शिंतोडे सिंकभर उडतात आणि जंतू कोशिंबिरीपर्यंत पोचतात. सवय सुटत नाही, कळतं मला. टिपकागदाने पुसा.

पाकिटावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल तर पुन्हा मिठात मुरवू नका.

दही-आलं-लसणाचं वाटण वरून थापलं तर तीन-चार तासांत ते करपून काळं होतं. मसाला लोण्यात कालवून कातडीच्या आत सरकवा. तंदुरी टर्कीबद्दल माझं मत विचारू नका.

थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता, १६५ अंश फॅरनहाइट. टर्कीसोबत येणाऱ्या, शिजली की वर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बटणावर माझा काडीचा विश्वास नाही. बाहेर काढल्यावर अर्धा तास सुरी लावू नका. सगळे ताटं घेऊन उभे राहतील, राहू देत. लगेच कापली तर रस पाटावर वाहून जातो.

बटाटे मिक्सरमध्ये घातलेत तर खळ होते, पोस्टर चिकटवायला बरी. हाताने कुस्करा.

ग्रेव्ही म्हणजे पिठलंच समजा: मैदा चरबीत परता, रस थोडाथोडा घाला, हात थांबवू नका. पिठल्यात गुठळ्या न होऊ देणारी बाई ग्रेव्हीला का घाबरते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

भोपळ्याच्या पायला इव्हॅपोरेटेड, म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं, दूध लागतं. शेजारचा कंडेन्स्ड दुधाचा डबा गोड असतो. तसंच नुसत्या भोपळ्याच्या गराचा डबा वेगळा आणि साखर-मसाला घातलेला पायचा डबा वेगळा. दोन्ही गोडे डबे एकत्र आले की जे होतं ते आमच्या कुत्र्यानेही हुंगून सोडलं होतं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गप्पा रंगल्या तरी मी मधेच उठते. हाडांचा स्टॉक शुक्रवारी, खिम्याचे पराठे शनिवारी. सोमवारी उरलेलं मी टाकून देते आणि नवरा डब्याकडे बघत हळहळतो.